लाईमचा जीवाणू कसा ओळखतात, आणि ठाण्यात हातात आलेल्या रिपोर्टचा अर्थ काय

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत कनेक्टिकटला शिकते. जूनमध्ये तिथल्या जंगलवाटांवर भटकून आल्यावर आठवड्याभराने तिच्या मांडीवर लाल चट्टा उठला आणि वाढत वाढत तळहाताएवढा झाला. तिथल्या दवाखान्यात रक्त न तपासताच लाईम, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जीवाणूचा आजार, म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. चट्टा गेला. सप्टेंबरमध्ये ती गणपतीला ठाण्याला घरी आली आणि आठवड्याभरात तिला ताप आला. मनगटं, घोटे, गुडघे सगळंच दुखतंय. इथे लाईमची रक्तचाचणी केली. आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह आहे. जीवाणू अंगात शिल्लक आहे का? तो नेमका ओळखणारी चाचणी कोणती? सोसायटीतल्या कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड बाटलीत धरून ठेवलेत, तेही तपासून घ्यावेत का?

उत्तर:

आधी तुमच्या काळजीचं बोलते. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमच्या मुलीला जूनमध्ये लाईम झाला होता असं मानायला चांगला आधार आहे. त्यावर योग्य औषध वेळेत मिळालं. आत्ताच्या तापाचा आणि सांधेदुखीचा लाईमशी बहुधा काही संबंध नाही. तुमच्या हातातला रिपोर्ट जीवाणू शोधणाऱ्या चाचणीचा नाहीच. शरीराने त्या जीवाणूविरुद्ध, किंवा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या कशाविरुद्ध तरी अँटिबॉडी, म्हणजे बचावाची प्रथिनं, तयार केली आहेत का, एवढंच त्यात पाहिलेलं आहे. आयजीएम ही आधी तयार होणारी अँटिबॉडी, आयजीजी नंतर येणारी. त्यामुळे डॉक्टरांनी पुन्हा अँटिबायोटिक सुरू करायचं म्हटलं तर घाई करू नका. आधी पुढे लिहिलेल्या तपासण्या करून घ्या.

मी ठाण्यात बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. पावसाळा लागला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे नमुने रोज येतात आणि त्या सवयीने डॉक्टर आणि पेशंट दोघांचीही समजूत होऊन बसते, की रक्त दिलं की जंतू सापडतो. मलेरियात ते खरं आहे. तापलेल्या माणसाच्या बोटातल्या थेंबात परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना दिसतो. लाईमचा जीवाणू तसा हाती लागत नाही, आणि त्याला कारण त्याची राहणी.

हा जीवाणू म्हणजे बोरेलिया बर्गडॉर्फेराय. लेप्टो आणि सिफिलिसचे जंतू ज्या मळसूत्री जीवाणूंच्या गटात येतात, त्यातलाच हा. लांबी साधारण १० ते ३० मायक्रोमीटर, जाडी मात्र ०.२ ते ०.३. जंतू रंगवून पाहण्याच्या नेहमीच्या ग्रॅम स्टेनमध्ये तो नीट दिसत नाही, डार्क फील्ड सूक्ष्मदर्शक लागतो. पोहण्याचे धागे शरीराबाहेर नसतात, ते पेशीच्या दोन आवरणांच्या मधल्या फटीत असतात. म्हणून घट्ट ऊतींमधूनही तो मळसूत्रासारखा पुढे सरकतो. बहुतेक जीवाणूंना लोह लागतं. हा लोहाशिवाय जगतो आणि त्याच्या जागी मँगनीज वापरतो. मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते, कारण लोह अडवून ठेवणं हा आपल्या शरीराचा जुना बचाव आहे आणि याच्यापुढे तो चालत नाही. माणसाच्या रक्तात हा थोडे दिवस, फार कमी संख्येने असतो. नंतर त्वचेत, सांध्यांत, मज्जातंतूंत, कधी हृदयात जाऊन बसतो. मग दंडातून काढलेल्या पाच मिलिलिटर रक्तात तो सापडायचा कसा?

मुळात तो पहिल्यांदा सापडला तोही माणसात नाही, गोचिडात. १९७५च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाईम आणि ओल्ड लाईम या गावांत लहान मुलांचे गुडघे सुजायला लागले. तिथल्या आयांनी हे नेहमीचं नाही म्हणून पाठपुरावा केला, आणि येल विद्यापीठाच्या अॅलन स्टीअर यांनी त्याचा अभ्यास करून १९७७ साली लाईम आर्थ्रायटिस म्हणून तो मांडला. जंतू कोणता, ते कळेना. १९८१ साली मोंटानातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडचे गोचीड कापून पाहत होते. ते शोधत होते रिकेट्सिया, म्हणजे टायफससारखे ताप आणणारे जीवाणू. आतड्यात दिसले मळसूत्री जीवाणू. लाईमच्या रुग्णांचं सीरम (रक्तातला पातळ भाग) त्यांच्यावर टाकलं, तर त्यातल्या अँटिबॉडी त्यांना जाऊन चिकटल्या. १९८२ साली हे प्रसिद्ध झालं, अॅलन बार्बर यांनी तो जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि १९८४ साली त्याला बर्गडॉर्फर यांचं नाव मिळालं.

वाढवणं हीच खरी ओळख, असं आम्हा लॅबवाल्यांना शिकवलेलं असतं. पण या जीवाणूसाठी बीएसके नावाचं विशेष माध्यम लागतं. तापमान ३३-३४ अंश ठेवावं लागतं, आणि टायफॉइडचा जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो तिथे याला बारा तास किंवा त्याहून जास्त लागतात. निगेटिव्ह म्हणण्याआधी कल्चर कित्येक आठवडे सांभाळावं लागतं. आजारी माणूस तितके दिवस थांबू शकत नाही. म्हणून कल्चर संशोधनापुरतं उरलं आहे.

पीसीआरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल, म्हणून सांगते. पीसीआरमध्ये जीवाणूचा डीएनए थेट पकडता येतो. त्यासाठी फ्लॅजेलिन या पोहण्याच्या धाग्यांतल्या प्रथिनाचं जनुक, ओएसपीए या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक, किंवा ५एस आणि २३एस या दोन आरएनए-जनुकांमधला तुकडा वापरतात. त्या तुकड्याच्या क्रमवारीवरून प्रजातीही ठरवता येते. मात्र नमुना कुठला, यावर सगळं अवलंबून आहे. वाढत्या चट्ट्याच्या कडेची चिमूटभर त्वचा घेतली तर चांगला निकाल मिळतो. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या सुजलेल्या गुडघ्यातलं पाणीही चांगलं. रक्ताचा पीसीआर बहुतेक वेळा निगेटिव्ह येतो आणि त्या निगेटिव्हला किंमत नसते. तुमच्या मुलीच्या बाबतीत चट्टा जाऊन महिने झाले, औषधही होऊन गेलं. आता पीसीआर करण्यात अर्थ नाही. कुणी ‘खात्रीसाठी’ रक्ताचा पीसीआर सुचवला तर पैसे वाचवा.

प्रजातीचा उल्लेख केला, कारण रिपोर्टवर वेगवेगळी नावं दिसतात. उत्तर अमेरिकेत मुख्य जीवाणू बर्गडॉर्फेराय हाच. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये मायोनाय नावाची आणखी एक प्रजाती २०१६ साली जाहीर झाली, तिचे जंतू रक्तात बरेच जास्त असतात. युरोप आणि आशियात अफझेलाय आणि गॅरिनी या प्रजाती जास्त. अफझेलायचा ओढा त्वचेकडे, गॅरिनीचा मज्जासंस्थेकडे. बोरेलिया मियामोटोय हे नाव दिसलं तर तो लाईम नाही. जपानमध्ये सापडलेला, परतपरत येणाऱ्या तापाच्या गटातला जीवाणू आहे तो. काही ठिकाणी बोरेलियाऐवजी बोरेलिएला लिहिलेलं असतं. वर्गीकरणाच्या वादातून आलेलं ते नाव, जीवाणू तोच.

आता तिथल्या डॉक्टरांनी रक्त का तपासलं नाही, ते पाहू. तुमच्या प्रश्नात त्याबद्दल थोडी नाराजी जाणवली, पण त्यांनी बरोबर केलं. लाईमच्या भागात, उन्हाळ्यात, जंगलातून आलेल्या माणसाच्या अंगावर चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत उठलेला आणि पसरत पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेला चट्टा, एवढ्यावर निदान करायचं असतं. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडे लागतात. चट्टा ताजा असताना रक्त तपासलं तर निम्म्याहून जास्त खरे रुग्ण निगेटिव्ह येतात, आणि तो निगेटिव्ह रिपोर्ट बघून औषध थांबवलं जातं. चट्ट्याच्या मधे नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळं दिसलीच पाहिजेत असंही नाही. बरेच चट्टे सरसकट लालच असतात.

आता तुमच्या रिपोर्टकडे वळते. लाईमच्या अँटिबॉडी चाचणीचे दोन टप्पे असतात. पहिला एलायझा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी मोजणारी चाचणी. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो, म्हणजे खरा रुग्ण निसटू नये. तो पॉझिटिव्ह किंवा सीमारेषेवर आला तरच दुसरा टप्पा करायचा. जुन्या पद्धतीत दुसरा टप्पा म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. जीवाणूची प्रथिनं वजनाप्रमाणे पट्टीवर पसरलेली असतात आणि रुग्णाच्या अँटिबॉडी कोणकोणत्या रेषांना चिकटतात ते वाचायचं. १९९४ साली अमेरिकेत डिअरबॉर्नला ठरलेल्या निकषांप्रमाणे आयजीएमसाठी २३, ३९ आणि ४१ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनांच्या वजनाचं एकक) तीन रेषांपैकी दोन हव्यात, आयजीजीसाठी ठरलेल्या दहापैकी पाच. २०१९पासून अमेरिकेत ब्लॉटऐवजी दुसरा, जीवाणूची वेगळी प्रथिनं वापरणारा एलायझा वापरायलाही मान्यता आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदावर फक्त पहिला टप्पा आहे. दुसरा केलेलाच नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक लॅब हा नमुना मोठ्या रेफरन्स लॅबला पाठवतात, आणि फॉर्मवर नुसतं ‘लाईम’ लिहिलेलं असेल तर पहिल्या टप्प्यावरच रिपोर्ट निघतो. डॉक्टरांनी दोन्ही टप्पे स्पष्ट लिहून मागायला हवेत, शिवाय लक्षणं कधी सुरू झाली ती तारीखही फॉर्मवर टाकायला हवी.

तारीख का? आयजीएम फक्त आजाराच्या पहिल्या महिन्यातच धरायचा असतो. त्यानंतर खरा लाईम शरीरात चालू असेल तर आयजीजी यायलाच हवा. तीन महिने उलटल्यावर एकटा आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह असेल, तर चालू आजार म्हणून त्याला वजन द्यायचं नाही. मग तो आला कुठून? दोन शक्यता आहेत. लवकर औषध मिळालेल्या लोकांत आयजीएम महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो आणि आयजीजी कधी तयारच होत नाही, कारण शरीराला ते शिकायला पुरेसा वेळ जंतूने दिलेला नसतो. दुसरी शक्यता भलत्याच कारणाने आलेल्या पॉझिटिव्हची. ४१ किलोडाल्टनची रेषा फ्लॅजेलिनची, आणि फ्लॅजेला (पोहण्याचे धागे) असलेले जीवाणू जगात असंख्य. लेप्टो, सिफिलिस, परतपरत येणारा ताप, एपस्टाइन-बार विषाणू, संधिवातातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, या सगळ्यांनी लाईमची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये गुडघाभर पाण्यातून चाललेल्या किती लोकांच्या रक्तात लेप्टोच्या अँटिबॉडी असतील, विचार करा.

इथे एक साधं गणित मांडते, कारण ते डॉक्टरांनाही सांगावं लागतं. समजा एखादी चाचणी निरोगी माणसाला १००पैकी ९५ वेळा बरोबर निगेटिव्ह म्हणते. ठाण्याबाहेर कधी न गेलेल्या १,००० सांधेदुखीवाल्यांवर ती केली, आणि त्यांच्यात लाईमचा एकही रुग्ण नाही, तरी ५० जण पॉझिटिव्ह येतील. पन्नासच्या पन्नास खोटे. हीच चाचणी कनेक्टिकटमध्ये महिना-दोन महिन्यांपूर्वी गोचीड चावलेल्या माणसावर केली तर पॉझिटिव्हला खरा अर्थ येतो. माणूस कुठे होता हे कळल्याशिवाय हा रिपोर्ट वाचताच येत नाही. तुमची मुलगी तिथे होती, म्हणून तिची चाचणी करणं चुकीचं नव्हतं. पण तिचं चित्र लाईमच्या सांध्यांचं नाही. लाईमचा सांधा साधारणपणे एकच, मोठा, बहुतेक वेळा गुडघा. सूज भरपूर, त्या मानाने दुखणं कमी, आणि आयजीजी ठणठणीत पॉझिटिव्ह. आठवड्याभरात चढलेला ताप आणि मनगटं-घोटे-गुडघे सगळे एकदम धरलेले, तेही ठाण्यात आणि पावसाळ्याच्या शेवटी, हे ऐकून माझ्या मनात पहिलं नाव येतं चिकनगुनियाचं.

म्हणून आज करायच्या तपासण्या या. तापाचा पहिला आठवडा असेल तर चिकनगुनियाचा आरटी-पीसीआर, त्यापुढे गेला असेल तर चिकनगुनियाचा आयजीएम. सोबत डेंग्यूचा एनएस१ किंवा आयजीएम, मलेरियाचा स्मिअर, सीबीसी, आणि पाण्यातून चालणं झालं असेल तर लेप्टो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका, पॅरासिटामॉल पुरे. पुढे एखादा गुडघा खरोखर पाण्याने भरला आणि आठवडे तसाच राहिला, तर त्यातलं पाणी काढून पेशी, स्फटिक, कल्चर आणि आपल्याकडे टीबीसुद्धा बघायला हवा. लाईमचा दोन टप्प्यांचा आयजीजी त्या वेळी पुन्हा करता येईल. उगाच दर महिन्याला लाईमची चाचणी मात्र करू नका. अँटिबॉडी बऱ्या झालेल्या माणसातही वर्षानुवर्षं राहू शकतात, आणि ‘बरा झाला’ असं सांगणारी चाचणी या आजारात नाही. उपचारानंतर काहींना थकवा आणि अंगदुखी महिनोन्‌महिने राहते. ती खरी असते, तिची टिंगल करू नये. पण तिच्यासाठी लांबवलेल्या अँटिबायोटिकचा टिकाऊ फायदा रुग्णांवरच्या औषध-चाचण्यांमध्ये दिसलेला नाही. शिरेतून महिनाभर सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक देण्याचे दुष्परिणाम मात्र खरे आहेत.

आता बाटलीतल्या गोचिडांचं. लाईम पसरवणारे गोचीड इक्सोडीस वंशाचे: पूर्व अमेरिकेत स्कॅप्युलॅरिस, पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिकस, युरोपात रिसिनस, पुढे आशियात पर्सुलकॅटस. त्यांची बाल्यावस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते. त्यामुळे चावलेलं बऱ्याच जणांना कळतही नाही. भारतात लाईमसारखे रुग्ण आणि अँटिबॉडी यांची नोंद हिमाचल, ईशान्येकडची राज्यं आणि नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलपट्ट्यातून झालेली आहे. म्हणजे देशात हा आजार अशक्य नाही. पण ठाण्यातल्या सोसायटीच्या कुत्र्यावर जो तपकिरी गोचीड असतो तो जवळपास नेहमी ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस असतो, आणि तो लाईम पसरवत नाही.

ओळखायचा असेल तर भिंगाखाली तो उताणा ठेवा. इक्सोडीसमध्ये गुदद्वाराच्या पुढच्या बाजूने, म्हणजे डोक्याच्या दिशेने, कमानीसारखी खाच गेलेली दिसते. बाकीच्या कठीण पाठीच्या गोचिडांत ती मागच्या बाजूने जाते किंवा नसतेच. कुत्र्याच्या गोचिडाच्या तोंडामागचा तळ वरून षटकोनी दिसतो, ही त्याची खूण. एवढं पाहिलंत की तुमच्या बाटलीचा प्रश्न सुटेल. जपून ठेवायचाच असेल तर ७० टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये नको, डीएनए खराब होतो. मात्र गोचिडाचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तरी माणसाला संसर्ग झाला असं ठरत नाही, आणि निगेटिव्ह आला तरी दुसरा गोचीड चावून गेलेला असू शकतो. उपचार गोचिडाच्या रिपोर्टवर ठरवत नाहीत.

याचा अर्थ येऊरला किंवा खारघरच्या डोंगरावर गोचीड चावला तर दुर्लक्ष करा, असा नाही. आपल्याकडचा धोका वेगळा आहे. कुत्र्याचा हाच गोचीड रिकेट्सिया कोनोराय हा जीवाणू माणसात सोडू शकतो आणि त्यातून टिक टायफस होतो: ताप, जबर डोकेदुखी, आणि तळहात-तळपायांपर्यंत येणारे लाल ठिपके. गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्यांच्या पिल्लांनी स्क्रब टायफस होतो, त्यात चावलेल्या जागी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली लपलेली असते आणि कपडे न काढता तपासलं तर राहून जाते. विदर्भात २०१८ साली याचे बरेच रुग्ण आढळले होते. सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडामुळेच, पण तो विषाणूचा. या दोन्ही टायफसना औषध डॉक्सिसायक्लिनच, आणि ते संशय आल्या दिवशीच सुरू करायचं असतं. वाईल-फेलिक्स या टायफसच्या रक्तचाचणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबलं तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं आजारात ओढली जाऊ शकतात. लाईमच्या नावाने घाबरलेल्या घरांमध्ये हे टायफस बाजूला पडतात, याचं मला फार वाईट वाटतं. जंगलात, गोठ्यात किंवा कुत्र्यांमध्ये वावर झाल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना तो वावर आपणहून सांगा.

मुलगी परत गेल्यावर तिथे पुन्हा गोचीड चिकटलेला सापडला, तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरावा आणि सरळ वर ओढावा. रॉकेल, पेटती काडी, व्हॅसलीन काही नको. जीवाणू गोचिडाच्या आतड्यात असतो. रक्त प्यायला लागल्यावर तो लाळग्रंथींपर्यंत सरकतो, आणि त्याला बहुधा एक दिवसाहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच दिवशी काढलेल्या गोचिडापासून धोका फार कमी. ३६ तास किंवा जास्त चिकटून राहिलेला इक्सोडीस असेल, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस डॉक्टर देऊ शकतात. एकदा लाईम झाला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही, तो पुन्हा होऊ शकतो.

सोसायटीच्या कुत्र्यांसाठी पशुवैद्यकाकडून गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या. हा गोचीड कुत्र्यावरून उतरून भिंत चढतो आणि फटीत अंडी घालतो. म्हणून पार्किंगच्या कडा, जिन्याखालची जागा, वॉचमनच्या खोलीचे कोपरे यांवरही फवारणी लागेल. अंड्यांतून पिल्लं निघत राहतात, त्यामुळे काही आठवड्यांनी ती परत करावी लागेल.